बुधवारचं घर

आमच्यातलंच कोणीतरी फितूर झालं होतं, याबद्दल मंडळीत दुमत नव्हतं. वाद होता तो फक्त कोण, याचा. प्रत्येकाच्या मनात एक नाव होतं आणि जो तो ते गिळून एकमेकांना सलाम घालत होता.

आमचं गाव आष्टीच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून जरा आत. ख्रिस्ती घरं दहा-बारा. ती काही काल-परवाची नाहीत, माझ्या सासऱ्यांच्या आजोबांपासूनची आहेत. पण हल्ली हेही सांगावं लागतं. गेल्या वर्षी कोणीतरी अर्ज केला की आमच्या चर्चमध्ये माणसं बाटवतात, आणि चौकशी होईपर्यंत चर्चला कुलूप लागलं. चौकशी काही होईना आणि कुलूप काही निघेना. पाळकसाहेब जालन्याहून महिन्यातून एकदा येतात. ते म्हणाले, घरोघरी जमा, पण गाजावाजा करू नका.

तेव्हापासून दर बुधवारी दिवेलागणीला कोणाच्या तरी घरी प्रार्थना. चपला आत घ्यायच्या. ढोलकी आणायचीच नाही. गाणी कुजबुजत म्हणायची. मी गिरिजाबाई, साठीला आले, गावातल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज शिवते, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. देवाचं गाणं चोरीच्या मालासारखं दडवून म्हणायची पाळी माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. फार संताप यायचा.

आणि एवढं करूनही गावातलाच वरद आणि त्याचे मित्र बरोबर त्याच दारात हजर! मारहाण नाही, शिवीगाळ नाही. मोबाइल वर धरून शूटिंग करत उभे राहायचे आणि विचारायचे, आज कोण नवीन आलंय? मग शेजारीपाजारी दारात यायचे. आमच्या बायका तोंडावर पदर ओढून एकेक करून निघून जायच्या आणि प्रार्थना तिथेच संपायची. त्या वरदचे शाळेतले सदरे मी शिवलेत. नाक पुसायला त्याला माझ्या चिंध्या लागायच्या, आणि आता तो माझं शूटिंग काढत होता.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्याला आमच्यात वडील म्हणतात. आमचे वडील म्हणजे राजानंदमामा, निवृत्त मास्तर. माणूस सज्जन, पण त्यांची प्रार्थना म्हणजे देवाला दिलेला सविस्तर अहवाल. कोणाला मुतखडा झाला तर तो केवढा, कोणत्या बाजूला, डॉक्टर काय म्हणाले, सगळं. कल्याणीच्या लग्नासाठी प्रार्थना करताना त्यांनी मुलाकडच्यांचा नकार कारणासकट देवाच्या कानावर घातला होता, आणि कल्याणी शेजारीच बसली होती. देवाला अर्धवट सांगू नये असं त्यांचं ठाम मत. ज्यांना येता येत नाही त्यांनाही ते विसरायचे नाहीत. दुर्गाबाई खुबा मोडल्यापासून अंथरुणाला खिळल्या होत्या, तर मामा दर शनिवारी आपली प्रार्थना फोनवर बोलून त्यांना पाठवायचे. म्हातारीला तेवढाच आधार.

पोरं येऊ लागली तसा मामांनी नियम केला. पुढच्या बुधवारचं घर ते एकटेच ठरवणार. ज्याचं घर त्याला आधी सांगणार, बाकीच्यांना बुधवारी दुपारी तोंडी निरोप. आम्ही सगळ्यांनी उभं राहून कबूल केलं की कोणालाही सांगणार नाही.

तरी पोरं आली. पुढच्या बुधवारीही आली.

मग मात्र घराघरांत बघण्याची नजरच बदलली. कोण कोणाशी बोलतंय, कोणाच्या फोनवर कोणाचा नंबर आहे, कोण प्रार्थनेत डोळे उघडे ठेवतंय. डोळे उघडे कोण ठेवतंय हे पाहायला मी माझे उघडे ठेवायची. एकदा तर मी पाळकसाहेबांच्या ड्रायव्हरवरसुद्धा संशय घेतला. पण शेवटी सगळ्यांची बोटं एकाच दिशेला वळली, आणि खोटं कशाला बोलू, माझं सर्वांत आधी वळलं.

बेबीनंदा माझी शेजारीण आणि जिवाची मैत्रीण. तिची एकुलती एक मुलगी तारा. ताराचा नवरा भागवत हा हिंदू घरातला, कुंभार पिंपळगावचा. बियाण्याच्या कंपनीचा फिरता माणूस. आमच्याच गावात खोली घेऊन दोघं राहत होती. लग्नाच्या वेळी दोन्हीकडून कुरकुर झाली होती, पुढे ती निवळली. तो ताराला मोटारसायकलवरून प्रार्थनेला आणून सोडायचा आणि स्वतः बाहेर ओट्यावर बसून राहायचा. आत या म्हटलं की "मी इथंच बरा" म्हणायचा. आता, जो माणूस आत येत नाही आणि घरीही जात नाही, तो ओट्यावर बसून करतो काय? त्यात एकदा मी त्याला वाटेत वरदशी हळू आवाजात बोलताना पाहिलं. मला बघितलं तसे दोघं गप्प झाले.

हे मी एका शुक्रवारी मामांना सांगितलं. मामा मला घेऊन बेबीनंदाकडे गेले.

ती मागची खोली सारवून घेत होती. ताराला आठवा महिना लागला होता, पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. खाट आली होती, दुपटी आणि टोपडी मी शिवून दिली होती. नवरा गेल्यापासून त्या बाईच्या तोंडावर एवढा आनंद मी पाहिला नव्हता.

मामा म्हणाले, "बेबीनंदाबाई, वाईट वाटून घेऊ नका. पण एकदा परीक्षा करून बघायला काय हरकत आहे? येत्या बुधवारी प्रार्थना तुमच्याकडं. बाकीच्यांना मी तसंच सांगतो. ताराला मात्र तुम्ही गिरिजाबाईंचं घर सांगा. पोरं गिरिजाबाईंच्या दारात उभी राहिली, तर मंग समजायचं."

"पोटच्या पोरीशी खोटं बोलू?" बेबीनंदाने विचारलं.

"पोरीवर कोणी शक घेऊन राह्यलं का?" मी म्हणाले. "जावयावर घेऊन राह्यलो. आणि तो निर्दोष निघाला तर सगळ्यांची तोंडं कायमची बंद होतील. तुझ्याच भल्याचं आहे."

ती बराच वेळ हातातलं पोतेरं पिळत राहिली. मग हो म्हणाली. आमच्या तिघांशिवाय ही गोष्ट कोणालाच माहीत नव्हती.

बुधवारी मी माझ्या घराला कुलूप घालून बेबीनंदाकडे गेले. पहिलं गाणं कुजबुजून झालं, आणि दारात मोबाइल वर धरून वरद! माझ्या दारात नाही, इथे, बेबीनंदाच्या दारात. मला बेबीनंदाचा चेहरा आठवतो. भीतीच्या आधी त्यावर सुटका आली. जावई सुटला होता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तारा होती. फोनवर तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "आई, मावशीच्या घराला कुलूप हाय. आम्ही कधीचे उभे हावोत. तुम्ही सगळे बरे हाव ना? कोणी काही केलं तर न्हाई?"

"इकडं घरीच ये," बेबीनंदा म्हणाली. दोन गल्ल्यांचं अंतर. तारा पोटाला हात लावून चालत आली, मागून भागवत मोटारसायकल ढकलत. तिने दारातली पोरं पाहिली, मग आत रांगेने मांडलेल्या आमच्या चपला पाहिल्या. बेबीनंदा घाईघाईने म्हणाली, "ऐन वेळेला बदललं गं, तुला कळवायचं राहून गेलं." ताराने ते खरं मानलं असावं. आईचं बोलणं माणूस खरंच धरून चालतो.

गोष्ट इथे संपती तरी निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ताराकडे दूध घालणाऱ्या बाईने तिला विचारलं, "काय गं, तुझी आईच तुम्हाला खोटं घर सांगती म्हणं? जावई चोर निघतो का ते बघायला?"

तारा तशीच आईकडे आली. आरडाओरडा नाही, काही नाही. म्हणाली, "खरंय का?" बेबीनंदा रडू लागली, म्हणजे उत्तर मिळालंच. "मंग बाळंतपणाला मी सासरी जाते," तारा म्हणाली. "रविवारी जीप येणार हाय. ज्या घरात माझ्या नवऱ्यावर पाळत हाय, त्या घरात मला बाळ न्हाई आणायचं." आणि ती गेली. बेबीनंदाने नंतर किती फोन केले, एकही उचलला नाही. बेबीनंदाने जेवण सोडलं.

आता भागवतवर आळ टिकत नव्हता. परीक्षेची गोष्ट त्याला माहीतच नव्हती, मग ती दूधवालीपर्यंत कशी गेली? माहीत होती तिघांना. बेबीनंदा स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेईल? मामा तर मामाच. उरले कोण? मी. शुक्रवारी कल्याणीची आई ब्लाउज न शिवताच परत घेऊन गेली. मामा समोरून आले आणि सलाम न घालता माझ्याकडे नुसते बघत राहिले, शाळेत पट्टी हरवल्यावर बघावं तसे. ज्या नजरेने मी चार महिने सगळ्यांकडे बघत होते तीच नजर माझ्यावर आली, आणि मला ती बिलकुल सोसवेना.

शनिवारी संध्याकाळी मी दुर्गाबाईंकडे निघाले. एरवी माझा तिकडे जायचा दिवस सोमवार. पण बाकीच्यांनी तोंडं फिरवल्यावर, जिला धड ऐकू येत नाही तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं. डब्यात लापशी घेतली. दुर्गाबाईंचं घर बसथांब्यावर, लालमियाँच्या चहाच्या टपरीला लागून. दोघांमध्ये एकच भिंत आणि त्या भिंतीला खिडकी.

टपरीवर वरद आणि त्याचे मित्र चहा पीत बसले होते. मी मान वळवून पुढे निघाले, तर लालमियाँने उठून टीव्ही बंद केला.

"मॅच लागली ना चाचा," कोणीतरी म्हणालं.

"दुआ का टाइम है," लालमियाँ म्हणाला. "दस मिनट चुप बैठो."

टपरी चिडीचूप झाली. आणि खिडकीतून राजानंदमामांचा आवाज आला. नुसता आला नाही, घुमला. दुर्गाबाईंच्या मुलीने पुण्याहून स्पीकर पाठवला होता, आईला ऐकू यावं म्हणून चांगला मोठा.

"हे दयाळू बापा, येत्या बुधवारी दिवेलागणीला आम्ही कल्याणीच्या घरी जमणार आहोत. पुढच्या दारानं न जाता गिरणीच्या मागच्या गल्लीतून जाणार आहोत, ते तू गुप्त ठेव. बापा, बेबीनंदाबाईंच्या लेकीला गिरिजाबाईंचं खोटं घर सांगून परीक्षा घेतली, तीत आम्हाला यश आलं न्हाई, हे तुला ठाऊकच आहे. लेक उद्या रुसून सासरी जाऊन राह्यली. आता, हे प्रभू, गिरिजाबाईंच्या मनात काही कपट असेल तर तेही तूच उघड कर…"

मी लापशीचा डबा हातात धरून उभी. समोर पाच-सहा माणसं चहाचे ग्लास हातात धरून बसल्या-बसल्या माझं कपट ऐकत होती.

वरदने मान खाली घातली. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "हे तू दर शनिवारी ऐकतो?"

"आम्ही कुठं चोरून ऐकून राह्यलो मावशी? चहाला आलं की कानावर पडतंच."

"मला वाटलं, सबको मालूम है आपा," लालमियाँ म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. "दुआ चालू असते म्हणून तर मी टीव्ही बंद करतो."

म्हणजे आदराने टीव्ही बंद व्हायचा, आणि आमच्या गुप्त घराचा पत्ता, परीक्षेसकट, गावाला खणखणीत ऐकू जायचा! मला हसावं की कपाळ बडवावं कळेना.

"आणि भागवत?" मी वरदला विचारलं. "त्याचं तुझं काय गुपित चालतं?"

"गुपित?" वरद आता मात्र फुरंगटला. "भाऊजी आमच्याशी भांडून राह्यले. बायकांचे फोटो काढू नका, आत पाय टाकू नका म्हणतेत. ओट्यावर बसतेत ते त्याच्यासाठीच. ते बसल्यावर कोणाची आत जायची हिंमत हाय? शनिवारचे ते कंपनीच्या कामानं जालन्यात असतेत, न्हाईतर हा भोंगाबी त्यांनी कधीच बंद केला असता."

लापशी तिथेच लालमियाँच्या हातात देऊन मी तडक मामांकडे गेले. एका दमात सगळं सांगितलं. मामा आधी रागावले.

"मी कोणालाच न्हाई सांगितलं," ते म्हणाले. "एका माणसाजवळ अवाक्षर काढलेलं न्हाई. देवाला सांगितलं."

"देवाला सांगितलं, पण लालमियाँच्या टपरीवरून सांगितलं! आणि देवाला गिरणीमागची गल्ली कशाला सांगावी लागती? त्याला वाट सापडत न्हाई का?"

मामा हळूहळू खाटेवर बसले. चष्मा काढला. त्यांच्याकडे बघून माझा राग अर्धा झाला, पण अर्धाच. ते म्हणाले, "मंग मी प्रार्थना करायची कशी?" त्या माणसाला ते खरोखरच माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही सगळे ताराच्या दारात गेलो. चपला घालून, भर गल्लीतून, दिवसाढवळ्या. चर्चला कुलूप लागल्यापासून पहिल्यांदाच मंडळी उघड्यावर एकत्र दिसली, तीही अशा कामाला. जीप उभी होती. भागवत टपावर वळकटी बांधत होता. तारा दारात पिशवी घेऊन उभी होती.

मामांनी भागवतपुढे हात जोडले. भागवत टपावरून खाली उतरला. म्हणाला, "मामा, तुम्ही मोठे आहात, हात जोडू नका. एक दिवस ओट्यावर येऊन विचारलं असतं, जावई, तू इथं का बसतो, तर मी सांगितलं असतं. कोणी विचारलंच न्हाई."

उत्तर नसलं की मामा डोळे मिटतात. तसे त्यांनी मिटले, हात वर केले, आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाले, "हे कृपाळू बापा, हे आमचे जावई भागवत, ह्यांच्यावर आम्ही संशय घेतला, कारण वरदशी बोलताना ह्यांना गिरिजाबाईंनी…"

"आमेन!" मी ओरडले.

सवयीने सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि डोळे उघडले. मामाही थांबले. आयुष्यात त्यांची प्रार्थना कोणी अर्ध्यावर तोडली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तोंड मिटून घेतलं.

मग बेबीनंदा पुढे झाली. तीन दिवसांची उपाशी, ओठ सुकलेले. "तारा," ती म्हणाली, "खोली सारवून ठेवली. खाट टाकली. दुपटी धुऊन उन्हात घातलीत. जावयांसाठीबी आतच पथारी घातली, ओट्यावर न्हाई. तू घरी चल माय."

तारा तिच्याकडे बघत राहिली. तिला जायचं होतं, ते तिच्या डोळ्यांत मला दिसत होतं. पोटातल्या लेकरासकट तिला आईकडेच जायचं होतं. आणि मग तिने आईवरून नजर काढली आणि माझ्याकडे वळली.

"मावशी," तिने विचारलं, "खरं बोलून राह्यली का ही?"

फितूर शोधायला निघालो होतो आम्ही, आणि आता आईच्या शब्दालाच साक्षीदार लागत होता. "खरंय गं," मी म्हणाले. "दुपटी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीत."

ताराने मान हलवली. भागवत मुकाट्याने टपावर चढला आणि वळकटी सोडू लागला. बेबीनंदाला हुंदका आवरेना. तिने लगबगीने पुढे होऊन लेकीच्या हातातली पिशवी घेतली. ताराने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि माझ्या हातात दिली.